खाली हिस्सा

मेश्राम सर पहिल्यांदा आमच्या वाचनालयात आले, तेव्हा त्यांनी नमस्कार केला नाही, वर्तमानपत्र मागितलं नाही, की सभासद व्हायचा फॉर्मही विचारला नाही. दारात उभे राहून ते म्हणाले, "चाळीस."

मी टेबलावरून मान वर केली. "काय चाळीस?"

"पावलं, मॅडम. फाटकापासून तुमच्या दारापर्यंत." मग खिशातून एक लांबट वही काढून त्यांनी ते पेन्सिलीने टिपून घेतलं, पेन्सिल कानामागे खोचली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसले. हा माणूस रोज येणार असेल तर आपलं काही खरं नाही, असं माझ्या मनात आलं. त्यानंतर सहा वर्षं ते रोज आले.

खरं तर ते 'सर' नव्हते. सारी नोकरी त्यांनी भूकरमापक म्हणून केली. शेतं मोजायची, हद्दी दाखवायच्या, भावाभावांत वाटण्या झाल्या की हिस्से पाडून द्यायचे. मौदा, पारशिवनी, कन्हान, सगळीकडचे धुरे त्यांनी पायी तुडवलेले. धुरा म्हणजे आमच्या साताऱ्याकडचा बांध; हा शब्द मला त्यांनीच दिला. निवृत्त झाल्यावर मुलीने आपला जुना लॅपटॉप त्यांच्या गळ्यात घातला. तो सुरू होईपर्यंत सरांची अंघोळ उरके. त्यावर लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच पण हलकी आणि फुकट प्रणाली, टाकायला शिकण्यात त्यांनी चार महिने घालवले, आणि एकदा शिकल्यावर वस्तीतला एकही जुना संगणक त्यांच्या तावडीतून सुटला नाही. लोक त्यांना सर म्हणू लागले ते तेव्हापासून.

मी तेव्हा नागपुरात नवखी होते. नवऱ्याची बदली झाली म्हणून आले आणि नंदनवन भागातल्या या लहानशा वाचनालयात ग्रंथपाल झाले. पुस्तकं बरी होती, संगणक मात्र वयोवृद्ध. एक दिवस त्यातल्या एकावर मी इतकी वैतागले की माउस आपटला. कोपऱ्यातून आवाज आला, "मारून काय होते, मॅडम? याचा नकाशा काढला काय कधी?"

संगणकाला नकाशा असतो हे मला माहीत नव्हतं. सर खुर्ची ओढून बसले आणि वहीत एक लांब आडवा पट्टा काढला. "हे तुमची हार्ड डिस्क. एक वावर समजा. यावर आता विंडोज हा मोठा भाऊ एकटा राहून राहिला. त्याले हाकलायचं नाई, तुमचं पुस्तकाचं सॉफ्टवेअर त्याच्याच घरी चालते. त्याले म्हणायचं, भाऊ, जरा सरक. मधात धुरा टाकायचा, अन पलीकडे लिनक्स, लहान भाऊ. तो थोडक्यात भागवते. मशीन उघडली का ते तुमाले विचारते, कोणाकडे जायचं? तुम्ही सांगायचं."

पट्ट्याच्या डाव्या टोकाला त्यांनी एक अरुंद रेघ मारली. संगणक सुरू होताना ज्यातून जातो तो चिमुकला हिस्सा. त्याला ते पांधण म्हणायचे, शेतात जायची बैलगाडीची वाट. "लोक मोठ्या हिश्शासाठी भांडतात, अन पांधण मोडून बसतात. मंग वावर कितीबी मोठं असू द्या, जाता कुठून?"

असं ऐकत ऐकत मी वाटणी शिकले. लिनक्स टाकताना एका ठिकाणी पडद्यावर पर्याय येतो: पूर्ण डिस्क पुसून टाका. तो आला की सर आपला पंजा पडद्यावर ठेवून ती ओळ झाकून टाकत. "याच्याकडे पाहायचंच नाई. हा कब्जा हाय." समोर बसलेल्याला पंजाच्या वरचं आणि खालचं तेवढं दिसायचं, आणि पडद्यावर त्यांच्या पाच बोटांचे ठसे उमटायचे. मी ते दर शनिवारी पुसत असे.

कामाच्या आधी ते प्रत्येक हिस्सा कोणत्या आकड्यापासून सुरू होतो आणि कोणत्या आकड्यावर संपतो, ते वहीत उतरवून घेत. नऊ नऊ आकडी संख्या, त्याही देवनागरीत. मी म्हटलं, "सर, मोबाइलवर फोटो काढा ना, एका सेकंदाचं काम."

"फोटो मोबाइलमध्ये राहाते," ते म्हणाले. "मोबाइल खिशात, खिसा पॅन्टीले, अन पॅन्ट मंगळवारी धुवायले जाते."

आकडे उतरवून झाले की खाली मालकाची सही. मालक म्हणजे ज्याचा संगणक तो. एका वकिलांनी लॅपटॉप आणला होता. सरांनी सगळं पाहिलं आणि विचारलं, "हे मशीन तुमी एकटेच वापरता?" वकील म्हणाले, घरी मिसेसही बसते कधी कधी. सरांनी वही मिटली. "मंग त्यांची सही आणा. सहहिस्सेदाराले विचारल्याबिगर वाटणी होत नाई. हे तुमाले मी सांगावं काय?" वकीलसाहेब तणतणत गेले. दुसऱ्या दिवशी स्वतः वकिलीणबाई आल्या, त्यांनी सही केली आणि आपल्या फोटोंना किती जागा लागते ते ठणकावून सांगून गेल्या. धुरा त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पडला.

आणि शेवटचा नियम असा की मोजणी सरांची, पण धुरा मालकाने टाकायचा, स्वतःच्या हाताने. शेवटचं बटण ते कधीही दाबत नसत. पडद्याकडे पाठ करून उभे राहत आणि वहीतून वाचून सांगत. "मी टाकला तर तो सरकारचा धुरा. तुम्ही टाकला तर तुमचा. मंग मोडायले हात धजत नाई." पाठ कशाला करायची, असं मी एकदा विचारलंही होतं. समोर पाहिलं तर आपला हात आपोआप पुढे जातो, असं त्यांचं म्हणणं. या नियमाने एक दिवस आमचा घात केला. तो सांगण्याआधी विमलताईंबद्दल सांगायला हवं.

विमलताई प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. ऐंशीच्या घरात वय. वऱ्हाडी आणि नागपुरी बोलीतले शब्द गोळा करायचा त्यांना नाद. भाजीवाली, रिक्षावाला, माहेरची माणसं, कुणी काही बोललं की ताई पिशवीतून जुन्या लग्नपत्रिकेचा तुकडा काढायच्या आणि पाठकोऱ्या बाजूला शब्द लिहून घ्यायच्या. अशा तुकड्यांची पोतडी त्यांनी वाचनालयात आणली तेव्हा अर्ध्याला वाळवी लागली होती. मी ते सगळे शब्द संगणकावर चढवले. दुपारी चार ते सहा ताई वाचायच्या, मी टाइप करायची, अडलं की सर कोपऱ्यातून अर्थ सांगायचे. वर्षभर हे चाललं. टाइप झालेले तुकडे वाळवीच्या भीतीने आम्ही जाळून टाकले. कोश छापायचं ठरलं होतं, पुढच्या आठवड्यात सगळं छापखान्यात द्यायचं होतं.

हे शब्द दोन ठिकाणी होते. एक, माझ्या टेबलावरच्या संगणकावर (त्यावर लिनक्स अजून यायचं होतं), विंडोजच्या हिश्शापासून वेगळ्या ठेवलेल्या शेवटच्या हिश्शात. दुसरं, माझ्या पेन ड्राइव्हवर. आणि घाताच्या त्या दिवशी सकाळी सरांनी लिनक्स चढवायला पेन ड्राइव्ह मागितला, तेव्हा मी तो दिला.

"यात काही हाय काय?" त्यांनी विचारलं होतं.

"आहे, पण ते संगणकावर आहेच," मी म्हटलं. तो पुसला गेला आणि त्यावर लिनक्स बसलं. इतकं सरळ होतं ते.

मग सरांनी माझ्याकडून विंडोजला सरकवून घेतलं. मध्ये मोकळी जागा झाली. वहीत आकडे उतरले, मी सही केली. पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू केला, पडद्यावर हिश्शांची यादी आली. लिनक्समध्ये त्या हिश्शांना आपली ओळखीची नावं नसतात, नुसती अक्षरं आणि आकडे. सर पाठ करून उभे राहिले आणि वहीत पाहत म्हणाले, "आता त्या खाली हिश्शावर जा, अन नवीन बनवा."

मी खालच्या हिश्शावर गेले. यादीत अगदी तळाला होता तो. 'नवीन'चं बटण फिकट पडलेलं, दाबलं जाईना. आधीचं काढल्याशिवाय नवीन कसं होणार, असा हिशेब मी केला आणि 'काढून टाका' दाबलं. यंत्राने विचारलं, नक्की का? मी म्हटलं, नक्की.

"सर, झालं. पण आता खालचा दिसतच नाहीये. सगळी एकच मोठी करडी पट्टी झाली."

सर वळले. इतकी वर्षं मी त्यांना पाहत आले, त्यांचा चेहरा असा कधीच पाहिला नव्हता. "तुमी कोणता काढला?"

"खालचा. तुम्हीच म्हणालात ना, खाली."

"मी खाली म्हणलो," ते सावकाश म्हणाले. "खाली, म्हणजे काही नसलेला. बस खाली हाय, डबा खाली हाय, तसा."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नागपूरची माणसं रिकाम्याला खाली म्हणतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. रोज ऐकत होते. पण साताऱ्याच्या कानाला खाली म्हणजे तळाला, आणि घाईच्या वेळी माणूस आपल्याच कानाने ऐकतो. वर्षभर ज्या बोलीचे शब्द मी टाइप केले, त्या बोलीतल्या एका शब्दाने ते सगळे गिळले होते. मला रडू आलं. मी म्हटलं, ताईंना काय तोंड दाखवू?

"पहिले तेच करा," सर म्हणाले. "त्यायले बोलवा."

"आधी प्रयत्न तर करून पाहू."

"मालकाले सांगितल्याबिगर कुदळ मारत नसतात, मॅडम. अन मशीनले हात लावू नका. काहीबी दाबू नका."

मी फोन केला. ताई रिक्षाने आल्या, बसल्या, पदराने घाम पुसला. मी काय झालं ते सांगितलं. त्या माझ्याकडे पाहतच नव्हत्या.

"मेश्राम भाऊ, माह्ये शब्द गेले?"

"शब्द जागेवर हायेत, ताई. धुरा गेला."

"काय म्हणून राहिले तुमी?"

तेव्हा सरांनी पारशिवनीकडच्या दोन भावांची गोष्ट सांगितली. नोकरीत असतानाची. ट्रॅक्टरने धुरा नांगरला गेला, कुणाचं कुठपर्यंत ते कळेना, भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून जाऊ लागले. सरांनी जुनी मोजणीची वही काढली, आकड्यांप्रमाणे साखळी धरली आणि एका जागी बोट दाखवून म्हणाले, इथे खोदा. हातभर खोल गेल्यावर ठण्ण वाजलं. हद्दीचा दगड होता तिथेच. "वावर कुठं पयून जाते काय, ताई? मॅडमनं रेघ पुसली. वावरावर अजून कोणी नांगर घातला नाई. वहीत आकडे हायेत. आपण रेघ पुन्हा मारू, होती तिथंच. एका आकड्यानंबी इकडेतिकडे नाई."

"नाई जमलं तर?"

"तर मी तुमच्याजवळ बसन, अन पहिल्या शब्दापासून लिहून काढू." हे ते इतक्या साधेपणाने म्हणाले की ताईंनी मान हलवली. "मंग टाका धुरा," त्या म्हणाल्या.

सरांनी काळ्या पडद्याची एक खिडकी उघडली, नुसती अक्षरं दिसणारी. वही माझ्यासमोर धरली. म्हणजे इतकं सगळं होऊनही टाइप मीच करायचं होतं. मी म्हटलं, "सर, मी पुन्हा चुकेन. तुम्ही करा."

"सावकाश करा, नाई चुकत. या वेळी मी पाठ करत नाई."

सुरुवातीचा आकडा वाचताना ते अडले. मधला एक अंक १ होता की ९, ते त्यांचं त्यांनाच लागेना. पेन्सिल तिथे घासली गेली होती. मला वाटलं, संपलं. सरांनी वहीचं कोरं पान उघडलं आणि भागाकार मांडला. हिस्से कुठूनही सुरू होत नसतात, ते एका ठरावीक मापाच्या पटीतच सुरू होतात, दोन हजार अठ्ठेचाळीसच्या. एक धरून भागलं, बाकी उरली. नऊ धरून भागलं. ताई चष्मा सावरून पानावर वाकल्या होत्या, आपल्या शाळेतल्या पोरांचा भागाकार तपासावा तशा.

"बाकी शून्य," ताईच म्हणाल्या. "नऊ हाय."

मी नऊ टाकला. शेवटचा आकडा टाकला. बटण दाबलं. आणि यंत्राने एक वेगळाच प्रश्न विचारला: या जागेवर आधीच्या वस्तीची खूण सापडते आहे, ती पुसून टाकू का?

मी सरांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि ती ओळ पुन्हा वाचली.

"दगड सापडला," ते म्हणाले.

मग त्यांनी सवयीने पंजा उचलून 'हो'वर ठेवला आणि मला 'नाही' तेवढं दिसू दिलं. मी 'नाही' दाबलं. संगणक बंद करून विंडोजमध्ये सुरू केला. शेवटचा हिस्सा जागेवर. त्यात 'शब्द' नावाचा फोल्डर. फाइल उघडली, आणि अ पासून सगळे शब्द ओळीने, जसे ठेवले होते तसे. मी पान खाली खाली सरकवत राहिले, आणि ताई एकेक शब्द मोठ्याने वाचत राहिल्या. थांबतच नव्हत्या. वाचनालयातली चारदोन माणसं वर्तमानपत्रं टाकून भोवती जमली, आणि प्रत्येक शब्दाला त्यांची हसून दाद. इतका आनंद मी त्या खोलीत आधी कधी पाहिला नव्हता, आणि त्यात माझा वाटा सगळ्यात मोठा होता, कारण भीती माझीच सगळ्यात मोठी होती.

सगळं शांत झाल्यावर ताईंनी पिशवीतून लग्नपत्रिकेचा तुकडा काढला. "खाली," त्या पुटपुटल्या. "हे कसं राहून गेलं माह्याकडून? रोज तोंडात राहाते म्हणून दिसलंच नाई." सरांनी कानामागची पेन्सिल त्यांच्या हातात दिली.

तुम्हाला वाटेल, त्या दिवशी लिनक्सचं नाव कुणी काढलं नसेल. सरांनी काढलं. फाइलच्या दोन वेगळ्या प्रती झाल्या, चहा झाला, आणि ते म्हणाले, "आता लहान भावाले उभं कायले ठेवता दारात? त्या रिकाम्या हिश्शावर जा." रिकाम्या हा शब्द त्यांनी असा जपून उच्चारला की ताईंना हसू आवरेना. सहा वाजता आमच्या त्या संगणकाने पहिल्यांदा विचारलं, कुणाकडे जायचं. तेव्हापासून सर माझ्याशी बोलताना कायम रिकामा म्हणत, आणि मी हट्टाने खाली म्हणत असे.

त्या दिवशीची नोंद मी वहीत नंतर वाचली. आकडे, माझी सही, आणि खाली त्यांच्या बारीक अक्षरात: 'चूक मोजणीदाराची. दोन अर्थाचा शब्द वापरला. पाठ केली.' मी भांडले, म्हटलं बटण मी दाबलं होतं. ते म्हणाले, सरकारी नोंद खोडता येत नाही.

कोश छापून आला. ताईंच्या सत्काराला सर मागच्या खुर्चीत बसले होते आणि बोलावूनही पुढे आले नाहीत. कोशात 'खाली'पुढे अर्थ दिला आहे, रिकामा, आणि खाली वापराचं वाक्य: 'हिस्सा खाली हाय, पाहून घ्या.'

यंदा मुलीने त्यांना आपल्याकडे न्यायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी ते आले, कोश काखेत मारलेला. ती लांबट वही त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. "तेली साहेबांच्या मशीनची वाटणी बाकी हाय," ते म्हणाले. "त्यांच्या मिसेसची सही घ्या पहिले." एवढंच. मी त्यांच्यामागे दारापर्यंत गेले.

ते ओठ हलवत फाटकाकडे चालले होते. मोजत होते. फाटकाशी पोचल्यावर वळून त्यांनी आवाज दिला, "सेहेचाळीस, मॅडम."

"चाळीस होते ना, सर?"

"वाचनालय तेवढंच हाय. पाऊल लहान झालं." ते हसले, कोश दुसऱ्या काखेत घेतला. "नोंद करा."

मी आत आले, वही उघडली, आणि त्यांच्या पेन्सिलीने, देवनागरीत, तारखेतला एक कुणाला नऊ वाटणार नाही अशा बेताने, तारीख घालून लिहिलं: ४६. खाली सही केली.